एक जंगल, एक पाइप

बाळांनो, एका जंगलात वीज आली होती. म्हणजे खांब आले होते. वीज अधूनमधून यायची.

वनराजांनी लगेच दोन कामं काढली. गुहेत आंघोळीसाठी गिझर आणि दाराशी प्रजेसाठी घंटेचं बटण. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं बटण दाबायचं, मगच दार उघडायचं, असा नियम झाला. राजा फार कनवाळू होता. तसं दारावरच लिहिलं होतं.

वायरमन होता गेणू मुंगूस. तो म्हणाला, "साहेब, गिझरची लाईन दोनशे तीस व्होल्टची. घंटेची बारा. तिच्या वायरीला प्लास्टिक नावापुरतं असतं. दोघींना पाइप वेगळे लागतील."

साहेब म्हणजे इंजिनियर तरस. भिंतीवर दोन पाइप दिसले तर गुहेची शोभा जाईल, असं राणीसाहेबांनी त्यांना बजावलं होतं. पण असं कुठं सांगायचं असतं होय? ते घसा खाकरून म्हणाले, "गेणू, या जंगलात वाघ-शेळी एका घाटावर पाणी पितात. आणि तू वायरींत उच्चनीच करतोस?"

"वाघाचं पोट कधीतरी भरतं, साहेब. करंटचं भरत नाही."

"एक जंगल, एक पाइप," साहेब म्हणाले. हेच ते सभेतही बोलले, तेव्हा टाळ्या पडल्या. गेणूनं मुकाट्यानं दोन्ही वायरी एकाच पाइपातून ओढल्या. पोट त्यालाही होतं.

गिझर रोज तापू लागला, त्याबरोबर पाइपही. घंटेच्या वायरीचं प्लास्टिक वितळलं आणि एक दिवस दोनशे तीस व्होल्ट बाराच्या घरी मुक्कामाला आले.

त्या सकाळी गोदा खार आली. तिचं झाड कुणीतरी तोडलं होतं. तिनं बटण दाबलं. घंटा वाजली नाही. गोदा चार हात लांब जाऊन पडली, ती उठलीच नाही. मला तिचं अजून वाईट वाटतं.

साहेबांनी चौकशी केली. खार मुळातच अशक्त होती, असं निघालं.

गेणूला राहवेना. तो गुहेपाशी धावत गेला. दारावर रानडुक्कर पहाऱ्याला होतं.

"काय काम?"

"घंटेचंच गाऱ्हाणं आहे. बटणात करंट उतरलाय."

"मग दाबा बटण."

"अहो, तेच तर सांगतोय."

"बटण दाबल्याशिवाय गाऱ्हाणं ऐकता येत नाही."

"बरं, सुक्या काठीनं दाबतो."

"स्वतःच्या पंजानं. काठीनं दाबणं म्हणजे महाराजांचा अपमान."

गेणूनं पंजा उचलला. घरी चार पिल्लं होती. मग तो खाली मान घालून परत गेला.

वर्ष उलटलं. घंटा एकदाही वाजली नाही. राज्यात कुणाचंच काही गाऱ्हाणं उरलेलं नाही, असं वनराजांनी जाहीर केलं. तरससाहेबांना शाल आणि नारळ मिळाला. शेजारच्या सात जंगलांतून शिष्टमंडळं आली आणि पाइपाची मापं घेऊन गेली.

तात्पर्य: प्रजा सुखी हवी असेल, तर दुसरा पाइप टाकू नये. वायरमनचं ऐकलं की घंटा वाजते, आणि घंटा वाजली की आंघोळ अर्धी टाकून उठावं लागतं.