मामाचा लाल दोरा

माझा मामा इंग्रजी वाक्य अंगठ्याने तपासतो. आधी पुस्तक खिडकीशी नेतो, पान उजेडासमोर धरतो, एक डोळा मिटतो आणि ओळीवरून डावीकडून उजवीकडे अंगठा फिरवतो. अंगठा मध्येच कुठेतरी थांबतो. मामा म्हणतो, "हाय." म्हणजे चूक आहे. मग सुईत लाल दोरा ओवतो आणि त्या ओळीसमोर, पानाच्या कडेला, एक टाका घालून गाठ मारतो. माझ्या नव्याकोऱ्या पुस्तकाच्या कडेने आता वरपासून खालपर्यंत लाल दोरे लोंबतात. क्लासमध्ये ते बाहेर काढलं तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, हे कुठल्या देवाला वाहिलंय का. त्या दिवशी मला मामाचा असा संताप आला होता की घरी येऊन मी ते पुस्तक पलंगावर आपटलं. दोरे हलले फक्त.

हे आधीच सांगून टाकते, मला मामाचा राग येतो. बऱ्याच गोष्टींचा येतो. कौतुकाने लिहितेय असा कुणी समज करून घेऊ नये.

यशवंत म्हात्रे हा माझ्या आईचा थोरला भाऊ. भिवंडीतल्या एका कापडाच्या गोदामात तो चौतीस वर्षं ताके तपासायला होता. ताका म्हणजे लूमवरून, यंत्रमागावरून, उतरलेलं लांबच लांब कोरं कापड. ते काचेच्या टेबलावरून ओढत न्यायचं, खालून ट्यूबलाइटचा उजेड, आणि जिथे धागा तुटलाय, जिथे तेलाचा डाग आहे, तिथे कापडाच्या कडेला लाल दोरा बांधायचा. म्हणजे पुढच्या माणसाला अख्खा ताका न उलगडता दोष सापडतो. मामा निवृत्त झाला, मामी गेली, पण ते टेबल काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. तो वीजबिल तपासतो, सोसायटीची नोटीस तपासतो, माझ्या केसांचा भांग तपासतो. तळमजल्यावरच्यांनी मुंजीची पत्रिका दिली तर ती दोन दोरे लावून दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात परत. त्यांनी नंतर बारशाला बोलावलं नाही. मामा तरीही गेला आणि पेढ्यात साखर जास्त झालीय म्हणून सांगून आला.

आता या माणसाच्या हाती इंग्रजी वाक्य कसं लागलं, तर माझ्यामुळे. मी मानकोलीच्या एका गोदामात कामाला आहे. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे हे सांगणं हे माझं काम, आणि संगणक म्हणतो तिथे तो माल कधीही नसतो. शिव्या मला. तिथून सुटायचं म्हणून मी परदेशातल्या एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं. गणित जमत होतं. वाक्यदुरुस्तीत माझं तारू बुडत होतं.

तो प्रकार असा. एक लांबलचक वाक्य देतात. त्यातल्या काही भागाखाली रेघ असते. खाली पाच पर्याय. पहिला पर्याय म्हणजे मूळ वाक्य जसंच्या तसं, बाकीचे चार म्हणजे ते बदलून लिहिलेलं. पाचातलं एकच बरोबर. चारपाच शब्दांच्या फरकासाठी माणसाने पाच वेळा तेच वाचायचं, घड्याळ समोर टिकटिकत असताना. ज्याच्या डोक्यातून हे निघालं असेल त्याला एकदा आमच्या गोदामात रॅक मोजायला लावायला पाहिजे.

माझी सुट्टी शुक्रवारी असते. मामाच्या गल्लीतले लूमही शुक्रवारी बंद, त्यामुळे एरवी खटखटीत बुडून जाणारं बोलणं त्या दिवशी सगळ्या गल्लीला ऐकू जातं. अशा एका शुक्रवारी मी त्याच्याकडे डबा घेऊन गेले आणि त्याने माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं. मी प्रकार समजावून सांगितला.

"म्हंजी एक पास आनि चार रिजेक्ट?"

मी हो म्हटलं.

"आनि ते चार कुनी विनले?"

परीक्षा घेणाऱ्यांनीच, म्हटलं.

"मुद्दाम?"

मुद्दामच, म्हटल्यावर मामा उभा राहिला. पुढचा अर्धा तास तो खोलीत येरझारा घालत ओरडत होता. पगार घेऊन फॉल्ट घालतात, सुशिक्षित लोक, एसीत बसून. समोरचे अन्सारीभाई, त्यांचे आठ लूम आहेत, खिडकीत आले आणि म्हणाले, म्हात्रेसाब, क्या हुआ. मामाने सांगितलं की इथे लोक जानबूझके खराब माल बनाते हैं. अन्सारीभाई थोडा विचार करून म्हणाले, "हमारे यहाँ तो बिना जाने ही बन जाता है," आणि आत गेले.

त्या दिवसापासून मामाने परीक्षेशी वैर धरलं. त्याचं इंग्रजी काही फार नव्हतं. दहावीला तो दोनदा नापास झाला तो इंग्रजीतच, आणि तिसऱ्यांदा सुटला तो निव्वळ रागावर. पण गोदामातून परत जाणाऱ्या मालाबरोबर इंग्रजी चिठ्ठ्या लिहून लिहून त्याला वाक्याचा हात बसला होता. अर्थ कळो न कळो, कुठे बिघडलंय ते कळायचं. "ही मधली कॉमाकॉमातली भरती दिसते ना, ती खळ हाय," तो सांगायचा. खळ म्हणजे सुताला कडकपणा यावा म्हणून लावतात ती. "खळ धुऊन काढ. मंग बघ, हा धागा हितनं निघाला, तो पार तिकडं कुनाला बांधलाय." मी कॉमातलं झाकून वाचायची आणि खरंच दिसायचं. क्लासमधल्या सरांनी जे चार महिन्यांत सांगितलं नाही ते मला लुंगीतल्या माणसाने दोन शुक्रवारांत शिकवलं. ते मी अमान्य करत नाही.

पण एक भानगड होती. मामा पहिला पर्याय कधीच निवडायचा नाही.

अशा परीक्षेत अधूनमधून मूळ वाक्यच बरोबर असतं. तिथे काही करायचं नसतं, पहिल्या पर्यायावर खूण करून पुढे जायचं असतं. मामाला ते मान्यच नव्हतं. "फॉल्ट हाय. दिसत न्हाय, पन हाय," एवढं बोलून तो पुन्हा अंगठा फिरवायचा, पुन्हा उजेडाला धरायचा, आणि शेवटी काहीतरी उकरून दोरा बांधायचाच. उत्तरं दाखवली की म्हणायचा, उत्तरं छापनारा बी मानूसच हाय. त्याने त्या प्रकाशकाला पत्रंही लिहिली, एक नाही, चार. सुदैवाने पत्ता चुकीचा होता.

आणि हा रोग मला लागला. सराव परीक्षेत माझा हात पहिल्या पर्यायावर जाईना. चांगलंभलं वाक्य दिसलं की मनात मामा म्हणायचा, हाय. परीक्षेला तीन आठवडे राहिले आणि माझे गुण होते त्याहून खाली आले. त्या शुक्रवारी मी मामासमोर पुस्तक टाकलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कधीकधी वाक्य बरोबर असतं, मामा. तुझ्याशिवाय सगळ्या जगाला ते कळतं." तो म्हणाला, "न्हाय बाय. फॉल्ट असतोच कुठं तरी."

आणि मग जे बोलायचं नाही असं घरात तीन वर्षांपूर्वी ठरलं होतं, ते मी बोलले. "शुभाताईच्या पत्रातही असंच होतं का?"

शुभा म्हणजे मामाची मुलगी. एकुलती. पुण्यात नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी तिने बरोबरच्या एका मुलाशी लग्न ठरवलं, आणि बापाला फोनवर सांगायचा धीर होईना म्हणून दीड पानी पत्र लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. म्हणजे तिचंच पत्र परत आलं, कडेला तीन लाल दोरे बांधून. सोबत एक ओळसुद्धा नाही. मी ते पत्र पाहिलंय. एक दोरा दोनदा पडलेल्या शब्दापाशी, एक अर्धवट सुटलेल्या वाक्यापाशी, आणि तिसरा शेवटी, जिथे तिने एक ओळ गिरगटून टाकली होती आणि त्याखाली लिहिलं होतं, जमलं तर ये. शुभाताई मला म्हणाली, बघ, बाबाने माझं लग्न रिजेक्ट केलं. लग्नात तिच्या बाजूने मी, आई आणि दोन मैत्रिणी. मामा आला नाही. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. त्या तीन दोऱ्यांसाठी मी मामाला कधी माफ केलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते सगळं मी त्याच्या तोंडावर फेकलं.

मामा खाली बसला. बराच वेळ तो सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होता. ओवला जात नव्हता.

"बिनदोऱ्याचा ताका शेठ माझ्या अंगावर टाकायचा," तो म्हणाला. "बोलायचा, म्हात्रे, तू हा खोललाच न्हाय. आख्खा ताका आनि एक दोरा न्हाय म्हंजी मानसानं बघितलंच न्हाय. मी तो कागद चार दिस वाचला, बाय. रोज. तिला समजायला नको, बापानं आख्खा वाचला म्हनून?"

मी म्हटलं, मग दोन ओळी लिहायला काय झालं होतं तुला.

"मला तसलं लिवता कुठं येतं. मला तपासता येतं."

"आणि लग्नाला का आला नाहीस?"

त्याने सुई खाली ठेवली. "तिनं खोडलं व्हतं ना, तो कागद मी उजेडाला धरला. खाली लिवलं व्हतं, तू यायलाच हवंस. ते खोडलं आनि जमलं तर ये केलं. म्हंजी आधी पायजे व्हतो, मंग नको झालो. म्हनून दोरा लावला तिथं. वाटलं, बघंल आनि नीट करून परत धाडंल."

चौतीस वर्षं हेच व्हायचं. दोरा लावलेला माल परत जायचा, दुरुस्त होऊन पुन्हा यायचा. हा माणूस तीन वर्षं त्या पत्राची वाट बघत बसला होता. मला त्याचा इतका राग आला की मी चप्पल घालून निघाले, आणि अन्सारीभाईंच्या जिन्याशी येऊन रडले.

पुढच्या शुक्रवारी मी जाणार नव्हते. आईने डबा दिला म्हणून गेले. मामा दाढीबिढी करून बसला होता. पुस्तक बाजूला, बंद. त्याने माझ्या हातात दोन कागद ठेवले आणि म्हणाला, "पोस्टात टाकायचंय. आधी तू तपास. मी हात लावनार न्हाय."

मी खिडकीशी गेले. मामाच्या अक्षरात शुभाताईचं पत्र होतं. ते त्याच्याजवळ नव्हतं, तीन वर्षांपूर्वीच परत गेलं होतं. त्याने ते सगळं आठवून लिहिलं होतं. दोनदा पडलेला शब्द दोनदाच होता. अर्धवट सुटलेलं वाक्य तिथेच सुटलं होतं. शेवटी 'तू यायलाच हवंस' लिहून त्यावर तशीच गिरगट केली होती, उजेडाला धरलं की खालचं दिसत होतं, आणि त्याखाली 'जमलं तर ये'. कडेला कुठेही दोरा नव्हता. अगदी खाली, गोदामात पास झालेल्या मालावर सही करायचा त्या निळ्या पेन्सिलीने, एकच शब्द आणि सही होती. जमतंय. य. म्हात्रे.

मी शेवटपर्यंत अंगठा फिरवला. मामा माझ्या पाठीकडे बघत होता.

"कंचा?" त्याने विचारलं.

"पहिला," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि डबा उघडायला घेतला. भाजीत मीठ कमी होतं. तो काही बोलला नाही.

माझी परीक्षा झाली. पहिल्या पर्यायावर खूण करताना दोनतीनदा हात अडला, पण केली. गुण बरे पडले, फार नाही, आणि मानकोलीहून अजून सुटायचीच आहे. आता त्या परीक्षेतून वाक्यदुरुस्ती काढूनच टाकलीय म्हणतात. मामाला हे सांगायची माझी हिंमत नाही, तो आनंदाने गल्ली डोक्यावर घेईल की दुःखाने, ते सांगता येत नाही.

पत्र टाकल्यावर पाच दिवसांनी शुभाताईचा मला फोन आला. ती चिडली होती. एवढं चिडलेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. तीन वर्षांनी म्हणे जमतंय, कशाला जमतंय, हॉल केव्हाच रिकामा झाला, त्याला म्हणावं जेवणं उठली. मी ऐकून घेतलं. आमच्या घरात राग असाच असतो, तो पुरता निघाल्याशिवाय माणसाला पुढचं काही विचारता येत नाही. मग ती थांबली आणि म्हणाली, "खोडलेलं त्याने कसं वाचलं गं? त्याला तर तेव्हाच नीट दिसत नव्हतं ना?"

मी म्हटलं, शुक्रवारी ये आणि त्यालाच विचार. लूम बंद असतात, ऐकू येतं.