लेबलांचा वैरी

जयवंतकाकांच्या हातात कुठलीही वस्तू द्या, आधी ते तिचं लेबल काढणार, मग वस्तू काय आहे ते बघणार. नव्या फ्रिजवरचे स्टिकर, सफरचंदावरची चकती, औषधाच्या बाटलीवरचा कागद, काहीही सुटत नाही. डाव्या अंगठ्याचं नख त्यांनी खास त्या कामासाठी वाढवलंय. एकदा खोकल्याचं औषध समजून गुडघ्याला लावायचं तेल प्यायले. मी ओरडलो तर वर म्हणतात, "पण खोकला गेला नी!"

बोर्डीत बस स्टॉपसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे गप्पा मारता मारता त्यांनी माझ्या नव्या कीबोर्डवरची मराठी अक्षरं खरवडून टाकली होती. तेव्हापासून मी अंदाजाने टाइप करतो. माणूस वयाने मोठा, त्यात सख्खा शेजारी, बोलणार काय?

काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. मागे चिकूची वाडी आहे, आणि त्यांना लोणच्यांचा नाद आहे. कैरीचं, लिंबाचं, चिकूचं गोड. सुरुवातीचं लोणचं आमच्या मांजरानेही हुंगून सोडलं होतं. आता मात्र खरंच झकास जमतं. अर्ध्या बोर्डीत त्यांच्या काचेच्या बरण्या आहेत आणि एकीवरही नाव नाही. "नाव कशाला? जीभ सांगेल नी!" अट एकच, बरणी परत आली पाहिजे. आणि तीही भरून. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत सगळ्यांकडे आहे. काका मात्र तिच्यावर पहारा देतात. "रिकामी बरणी परत करणारा माणूस माणसात धरू नये!" कुणी लिंबं देतं, कुणी शेवग्याच्या शेंगा. कोळीवाड्यातल्या हेमाताईंनी एकदा सुकट भरून दिली. ती बरणी पुढे कितीतरी दिवस उन्हात पालथी होती.

अशा या लेबलांच्या वैऱ्याला मुंबईच्या एका दुकानाची ऑर्डर आली. शनिवार-रविवारी फिरायला आलेल्या कुणीतरी लोणचं तिथपर्यंत पोचवलं होतं. दुकानदाराची अट होती, प्रत्येक बरणीवर बारकोड हवा आणि तो मशीनने वाचला पाहिजे. नाही तर माल परत.

काकांनी एरवी हात जोडले असते. पण त्यांच्याकडे सायवन गावची सुंदरबाई कैऱ्या-लिंबं चिरायला येते. काम कमी झालं की तिला पोरांना गावी ठेवून गुजरातेतल्या कारखान्यात जावं लागतं. ही ऑर्डर टिकली तर तिला बारा महिने इथेच काम होतं. काका तिला बोलून बसले होते, "बाय, तू कुठे जायची नाहीस. मी बघतो."

मग काय, आले माझ्याकडे. "अव्या, चिकटवायचं जे जे असेल ते काढ बाहेर."

आधी मी माझ्या साध्या शाईच्या प्रिंटरवर लेबलं काढली. काकांनी तेलाचं बोट फिरवलं आणि बारकोडचा चिखल झाला. मग बिनशाईचं थर्मल लेबल आणलं, एटीएमच्या पावतीसारखं, नुसत्या उष्णतेवर उमटणारं. दिसायला सुबक, किमतीलाही परवडणारं. पण काका लोणच्याच्या बरण्या गच्चीवर उन्हात ठेवतात. लेबल काळवंडलं आणि स्कॅनर तोंड उघडेना. शेवटी वापीच्या एका विक्रेत्याला बोलावलं. त्याने शाईच्या रिबिनीने छापणारं मशीन आणि प्लॅस्टिकची लेबलं आणली. काकांनी लेबलाला तेल पाजलं, विहिरीत बुडवलं, उन्हात टाकलं, स्कूटरला बांधून डहाणू रोडपर्यंत फिरवून आणलं. स्कॅनर दर वेळी 'टुंई' म्हणाला.

"जिंकलो, काका!" मी म्हटलं.

काकांनी लेबलाच्या कडेला अंगठा लावला आणि खरवडायला सुरुवात केली. खरवडता खरवडता नखच मोडलं.

"हे नको. हे निघत नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, निघू नये म्हणूनच तर लेबल असतं! सोमवारी दुकानाचा माणूस येतोय. सुंदरबाईला काय सांगणार आहात?" काका पायरी उतरून गेले.

संध्याकाळी मी भांडायच्याच तयारीने त्यांच्याकडे गेलो. ओटीवर हेमाताई बसलेल्या. बरणी परत द्यायला आल्या होत्या, आत चिंच. चहा झाला, सुनेची तक्रार झाली, मुलाच्या होडीचं इंजिन झालं. काका इतके खुलले होते की मला भांडण काढवेना. हेमाताई गेल्या तशी ओटी एकदम गप्प झाली.

"लेबल निघालं नाही तर बरणीत पुन्हा दुसरं काही भरता येणार नाही," काका म्हणाले. "भरता येत नसेल तर परत कुठल्या तोंडाने मागू?"

"नव्या बरण्या आणू की, काका."

"बरण्यांचं नाही रे." ते मोडलेल्या नखाकडे बघत राहिले. "ही गेली तेव्हा तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. नंतर कोण येतं? पण हिच्या लोणच्याच्या बरण्या गावभर होत्या. एकेक परत येत होती. बरणी आली की माणूस यायचं, बसायचं, हिच्याबद्दल बोलायचं. मग एक दिवस शेवटची आली. नंतर फाटक वाजेना. कुणाला बोलावू? काय सांगून बोलावू? म्हणून मी लोणचं घालायला शिकलो."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हा नुसता नाद वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मी वापीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, छपाई रिबिनीचीच ठेवा, पण प्लॅस्टिकऐवजी कागदावर. वर्षानुवर्षं टिकणार नाही, पण दुकानाच्या काउंटरपर्यंत काळजी नको, आणि कोमट पाण्यात ठेवलं की सोलून निघेल. तसंच केलं. तेलाचा डाग पडला, तरी स्कॅनर 'टुंई' म्हणाला. सोमवारी दुकानाच्या माणसाने माल पास केला. सुंदरबाईचं गुजरातेत जाणं टळलं, तिने विळी धुऊन पुन्हा जागेवर ठेवली.

पहिला माल छापायला घेतला तेव्हा काका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "बारकोडाखाली जागा आहे नी? आपला पत्ता घाल. आणि लिही, बरणी परत आणून द्यावी."

"काका, मुंबईहून कोण येणार बरणी द्यायला?"

"बोर्डीला फिरायला येतात नी माणसं. येईल एखादं."

मी पत्ता घातला, ओळ घातली. काकांचा नियम मला पाठच होता, म्हणून पुढे आपणहून टाइप केलं, 'रिकामी आणू नये.'

काका चष्मा सावरून वाकले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ते काढ," ते म्हणाले. "लिही, रिकामी आणली तरी चालेल."