तुळशीरामभाऊंची बिनमारकी जनावरं

तुळशीरामभाऊ आमच्या शेजारी राहायला आले आणि दोन-चार दिवसांतच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावरून आवाज यायला लागला. "भुरे, सर मांगं! सर म्हनलं ना! धोंडबा, तू हो पुढं. हां, दम धर. दम धर लेका."

मी मशीनवर ब्लाऊज शिवत होते. पाय जागीच थांबला. म्हटलं, या माणसानं घरात म्हैस आणली! इथे वाशीमात नळाची वाट बघून डोळे पांढरे होतात आणि हे भर कॉलनीत म्हैस बांधतात म्हणजे काय? शेण कुठे टाकणार, माझ्या दारात? आमच्या भिंतीपाशी एक फुटकी टाकी उपडी पडलेली असते. तिच्यावर चढून मी डोकावले. मला चौकशा करायची सवय आहे, हे आधीच सांगून टाकते. आमचे हे याला भोचकपणा म्हणतात, पण त्यांचं सोडा.

ओट्यावर म्हैस नव्हती, रेडकूही नव्हतं. बनियन-पायजम्यातला एक जाडजूड माणूस खुर्चीत बसून मोबाईलशी बोलत होता.

"काय झालं वं ताई?" त्यांनी वर न बघताच विचारलं. "पडसान ना तिथून."

"म्हैस कुठे आहे?" मी विचारलं.

"हे काय," म्हणून त्यांनी मोबाईल माझ्याकडे फिरवला. पडद्यावर एक निळं, गुबगुबीत, तीन शिंगांचं काहीतरी उभं होतं आणि समोरून त्याच्यावर आगीचे लोळ येत होते. "हे भुरी. पान्याच्या प्रकृतीची हाय. हिले आगीचा मार काईच लागत नाही, पाहा."

अशी आमची ओळख झाली.

भाऊंनी सगळी नोकरी आसेगावच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यात काढली. डॉक्टर इंजेक्शन देणार आणि भाऊ जनावर धरणार, जखमा धुणार, पट्ट्या बांधणार. बायको आधीच वारली होती. नोकरी संपली, शेत बटईनं दुसऱ्याला कसायला दिलं आणि ते वाशीमच्या या घरात आले. एवढं मला टाकीवरूनच कळलं. हा गेम मात्र काही केल्या कळेना, म्हणून मी संध्याकाळी भाजी निवडायला त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसायला लागले.

गेम असा: प्रत्येकानं आपली सहा राक्षसी जनावरं निवडायची आणि दुसऱ्याच्या सहांशी लढवायची. प्रत्येकाची एक प्रकृती. कोणी आगीचं, कोणी पाण्याचं, कोणी झाडाचं, दगडाचं, विजेचं. आग झाडाला जाळते, झाड पाणी पिऊन टाकतं, पाणी आगीला विझवतं. दुनिया काय करते, मारकी जनावरं निवडते. भाऊंनी सहाच्या सहा सोसणारी निवडली होती. धोंडबा दगडाचा. भुरी पाण्याची. विजेच्या एका गोलमटोल प्राण्याचं नाव त्यांनी चौकातल्या ट्रान्सफॉर्मरवरून 'डीपी' ठेवलं होतं. आणि एक पांढरीशुभ्र, सशासारखी बाई होती, ती कोणालाच मारायची नाही, नुसती बाकीच्यांना फुंकर घालून बरं करायची. ती 'नर्सबाई'.

"ज्याले ज्याचा मार लागते, तो समोर आला का त्याले मांगं घ्याचं," भाऊ समजावून सांगायचे. "आन् ज्याले लागत नाही त्याले पुढं कराचं. एकाच्याच आंगावर सारं येऊ देऊ नये, ताई. जनावर उभं पाहिजे."

'जनावर उभं पाहिजे' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दवाखान्यातून आलेलं. जनावर उभं असलं तर कसलाही आजार निघतो, पण एकदा बसलं की मग चार माणसांनी उचलूनही ते पायावर येईल याचा भरवसा नसतो, असं ते सांगायचे. हे वाक्य ते कुठेही लावत. माझ्या सासूबाईंचा गुडघा धरला तेव्हा त्यांना बघायला आले आणि आम्हाला बजावून गेले, "म्हातारीले बसू देऊ नका. जनावर उभं पाहिजे." सासूबाईंनी त्या दिवसापासून त्यांच्याशी अबोला धरला.

गेममध्ये सामना संपला की सगळी जनावरं आपोआप ठणठणीत होतात. भाऊंना ते पटायचं नाही. मार खाल्लेल्या जनावराला ते पुढच्या सामन्यात बसवून ठेवायचे. उजेडाकडे मोबाईल धरून त्याचं नाक ओलं आहे का बघायचे.

"अहो भाऊ, ते बरं झालं. हिरवी पट्टी भरली ना पूर्ण!"

"इंजेक्शन देल्लं म्हनून लगेच जुंपता का?" ते मलाच विचारायचे.

हळूहळू त्यांनी अख्खी कॉलनी प्रकृतीवर लावली. आमचे हे दगड. कोपऱ्यावरचे पाटील आग. मी वीज. "तुमी डीपीसारख्या हा, ताई. वाईट वाटून घेऊ नका. पन तुमाले पान्याच्या मानसासंगं भांडू देऊ नये." शिवजयंतीच्या कमिटीची बैठक झाली तर म्हणाले, "निरे आगीचे भरले तुमी. एखादा पान्याचा टाका ना त्याच्यात." सगळे हसले. पण मिरवणुकीच्या वेळी पाटील आणि दुसरे एक आगवाले डीजेवरून एकमेकांच्या अंगावर गेले, तेव्हा भाऊ आमच्या ह्यांना दंडाला धरून दोघांच्या मधे उभं करून आले. हे तिथे शुंभासारखे उभे राहिले आणि भांडण खरंच थांबलं! घरी येऊन मला म्हणतात, "मी काय केलं गं?"

हे सगळं गमतीचंच. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. भाऊ मारत का नाहीत?

आणि ते खेळायचे एकाशीच. संध्याकाळी दिवेलागणीला पडद्यावर नाव यायचं, 'पाखऱ्या आसेगाव'. तो पक्का मारका गडी. सगळी आग आणि वीज. त्याचं नाव यायला जरा उशीर झाला की भाऊंचा जीव थाऱ्यावर नसायचा. चहा पुढ्यात थंड व्हायचा. कोणी बोललं तर "हं, हं" करायचे आणि मोबाईल चालू आहे ना, रेंज आहे ना, ते चार वेळा बघायचे. नाव आलं की चेहरा उजळायचा. एक दिवस पाखऱ्या आलाच नाही, तर भाऊ न जेवता झोपले. त्यांनी सांगितलं नाही, पण सकाळी त्यांच्या भाकरी रस्त्यावरच्या गाईपुढे पडलेल्या मी पाहिल्या.

एकदा सामना रंगला होता. पाखऱ्याची पाच जनावरं धोंडबावर आपटून आपटूनच दमून पडली होती. सहाव्याची हिरवी पट्टी सुतासारखी उरलेली. मी हातातली मेथी फेकून उभी राहिले. "मारा भाऊ! एक फटका मारा, जिंकलात!"

भाऊंनी धोंडबाला मागे घेतलं आणि नर्सबाईला पुढे केलं.

"अहो, हे काय! अशी संधी येते का परत?"

"कायले मारता बाप्पा त्याले?"

"तो तुम्हाला रोज मारतो ते?"

"मारू द्या ना. त्याचा राग हाय तो."

"कसला राग? कोण आहे हा पाखऱ्या? तुमच्या गावचा आहे ना?" मी आता त्यांचं काहीही ऐकणार नव्हते. खुर्ची ओढून समोरच बसले. "सांगा. नाहीतर मी उद्यापासून येणार नाही."

ही धमकी त्यांना लागू पडायचं काही कारण नव्हतं. पण भाऊंना तेव्हा कोणाला तरी सांगायचंच असावं.

"नितीन हाय तो," ते म्हणाले. "माहा पोरगा."

नितीन तिकडे नाशिककडे कंपनीत होता. घरी बैलजोडी होती, हऱ्या आणि पाखऱ्या. नितीननं लहानाची मोठी केलेली. भाऊंचे गुडघे गेले, घरात दुसरं माणूस नाही. एखादा बैल बसला तर आपल्याच्यानं त्याला उठवणं होणार नाही, हे त्यांना दवाखान्यातल्या अनुभवानं चांगलं माहीत होतं. म्हणून दोघं धडधाकट उभी होती तेव्हाच त्यांनी जऊळक्याच्या एका चांगल्या घरी देऊन टाकली. पोराला विचारलं मात्र नाही. पोरगा गेल्या पोळ्याला नव्या झुली आणि गोंडे घेऊन आला तर गोठा रिकामा. सामान तिथंच टाकून तो उलट्या पावली गेला. तेव्हापासून भाऊंचा फोन उचलत नव्हता. मावशीजवळ निरोप ठेवायचा, बरा आहे म्हणून.

"हा खेळ तो घरी असतानी खेळे. त्याचं त्याच्यातलं नाव मले माहीत होतं. मोबाईलच्या दुकानात जाऊन म्या बी घेतला. माहं नाव दुकानवाल्यानं 'पाहुणा' टाकून देल्लं. त्याले काय माहीत कोन पाहुणा." भाऊ मोबाईलच्या काचेवर अंगठा फिरवत होते. "सुरुवातीले मी बी मारके घेतले होते. दोन मिन्टात सारं आटपे, का तो चालला जाये. मंग म्हनलं, अशी जनावरं पाहू का जे पडनच नाही."

मी मेथी गोळा केली.

"त्याला समजलं तर?" मी शेवटी विचारलं.

"मंग तो येनार नाही," भाऊ म्हणाले. "म्हनून तं मी काई बोलत नाही त्याच्यात."

गेममध्ये दोन ओळी लिहून पाठवायची सोय होती. भाऊंनी तिला कधी बोट लावलं नव्हतं.

मग पोळा आला. आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात आणि त्यांना आवतण देतात. भाऊंनी पाटावर मोबाईल ठेवून त्याच्या पाठीला तुपाचं बोट लावलं आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी तोंडाला पदर लावून हसू दाबलं आणि दुसऱ्या दिवशी पुरणाच्या पोळ्या मात्र सहा जास्तीच्या केल्या. काय करणार?

पोळ्याच्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी पाखऱ्याचं नाव आलं. भाऊंचं बोट वर गेलं आणि तिथंच थांबलं.

"खेळा ना," मी म्हटलं.

"आज कसं खेळू? पोळा हाय. आजच्या दिवशी जुंपते का कोनी जनावर?"

"भाऊ, ती मोबाईलमधली आहेत."

"मोबाईलमधली असली म्हनून काय झालं? वर्साचा एक दिवस असते त्यायचा."

पाखऱ्याचं नाव लुकलुकत होतं. खेळायचं नाही म्हणून नुसतं बंद केलं तर पोराला वाटेल पाहुण्याला कंटाळा आला, उद्या येणारच नाही. भाऊ ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागले. मग मोबाईल माझ्या हातात दिला. "लिहा, ताई. आज पोळा. आज आमी जनावरं जुंपत नाही. उद्या या."

मी लिहिलं, पाठवलं आणि मग माझी ट्यूब पेटली. "भाऊ! अहो, हे वाचून त्याला समजणार ना!"

"त्याच्यात माहं नाव कुठी हाय?"

"मोबाईलमधल्या जनावरांना पोळ्याची सुट्टी देणारा माणूस जगात दुसरा आहे का कोणी?"

भाऊंनी थोडा वेळ विचार केला. मग एकदम खुर्चीत बसले. पाखऱ्याचं नाव पडद्यावरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाली, नाव आलं नाही. मी मुद्दाम थांबले. भाजी निवडून झाली, लसूण सोलून झाला, रस्त्यावरचे दिवे लागले. भाऊ मोबाईल मांडीवर घेऊन बसले होते. "गेलं ताई पोरगं. माह्याच हातानं घालवलं म्या." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मला पहिल्यांदाच त्या नितीनचा राग आला. असा कसला बाई एवढा ताठा!

तेवढ्यात मोबाईल वाजला. गेम नव्हे, साधा फोन. वर नाव नितीनचं. भाऊ नुसते बघत राहिले, तेव्हा मीच ओरडले, "उचला हो!" त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर.

"बाबा."

"हं."

"पाहुणा तुमीच हा ना?"

"हाव."

तिकडून गाड्यांचे आवाज येत होते.

"तुमी मले मारत काहून नाही? कितीकदा चान्स होता तुमाले. अन् एवढा येळ काहून लावता रोज?"

"लवकर संपलं तं तू चालला जातो ना, बाप्पा."

भाऊंनी मोबाईल दोन्ही हातांत धरला होता. "नितीन, बैल द्याच्या आंधी तुले विचाराले पाहिजे होतं म्या. चुकलं माहं."

"हाव. पाहिजे होतं विचाराले," तो म्हणाला. "बरे हायत का ते?"

"बरे हायत. मी मधूनमधून जाऊन येतो जऊळक्याले. दोघंबी उभे हायत."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "खेळता का आता?"

"तू म्हनशीन तसं."

"मंग थांबा जराक. मी माह्ये आगीचे सारे बदलून घेतो. मले बी तुमच्यासारखे पाहिजेत. कोनते घेऊ, सांगा."

भाऊंनी खुर्ची उजेडाकडे ओढली आणि सांगायला लागले. पहिले एक दगडाचं घे, मग एक पाण्याचं घे, त्याच्या मागे झाडाचं असू दे. तो मधेमधे विचारत होता आणि हे सांगत होते. सामना चालू झाला तेव्हा इकडे धोंडबा उभा होता आणि तिकडेही तसाच एक धोंडबा. कोण जिंकलं ते मला माहीत नाही. मी लसणाचं ताट घेऊन उठले, तेव्हा दोघांपैकी कोणीच कोणाला मारत नव्हतं.