वत्सलाबाईची हाजरी

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता आमच्या सामाईक शेतीच्या सभेत वत्सलाबाईवर अन्याय झाला. म्हातारी झाली, दूध देत नाही, बाजारात न्या, असं ठरलं. बारा हात वर झाले. तिचं म्हणणं कोणी विचारलं नाही. वत्सलाबाई म्हैस आहे, ही सबब मला सांगू नका.

सभा मुद्दाम त्याच वेळी उरकली, कारण ढोरं सांभाळणारे सदामामा तेव्हा कोठ्यात हाजरी घेत असतात. माणसांची नव्हे, ढोरांची. "गोपीचंद!" गोपीचंद हंबरला की पुढचं नाव. नाही हंबरला तर मामा थांबतात. मग नांगर थांबतात, रोवणीच्या बाया थांबतात, धानाच्या बांधीतला चिखलही थांबतो.

त्या दिवशी सभा उरकून मी कोठ्यात आले, तरी हाजरी सुदाम नावाच्या हल्यापाशी, म्हणजे रेड्यापाशी, अडली होती.

"मामा, काम खोळंबून राहिलं!" मी ओरडले.

"नाव घेतल्याबिगर कोणाले कामाले लावाचं का वं पोरी? चिखल का पळून जाते?"

वेठबिगारीविरुद्ध मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. त्यांतल्या एकातही ढोराचं नाव नव्हतं.

कोठ्यातली पाळी माझी होती. मी शेण काढलं, खायला धानाची तणीस टाकली, हल्यांमागे चिखलणीला गेले आणि चिखलात दोनदा बसले, एकदा तर आपखुशीनं. मामांच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "ताराबाई, नवऱ्याचा राग माह्या बादलीवर काढतं का? गोपीचंद, उधारीचा विळा वापस कर पहिले!" म्हशीला नवरा कुठला आणि बैलाला विळा कशाला, हे विचारायची सोय नव्हती. हसून हसून माझ्या हातातला कासरा सुटला. सुदाम मोकळा झाला आणि थेट शेजारच्या तणसीच्या ढिगात घुसला.

"सुदाम्या! निर्लज्जा! पुन्हा दुसऱ्याच्या ढिगात?"

बांधावर मोटरसायकल लावून एक पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ उभे होते, हातात लग्नाच्या पत्रिका. ते लाल झाले. "मामाजी," ते कळवळून म्हणाले, "दोनच पेंढ्या नेल्या होत्या जी! तेही लहानपणी!"

हे खरे सुदामभाऊ, मामांचे जुने गाववाले. पुनर्वसनात पार तिकडच्या टोकाला गेलेले.

बाया चिखलात लोळायच्या बाकी होत्या. मामा मात्र धावत गेले आणि चिखलाच्या हातांनीच त्यांना मिठी मारली. पांढरा सदरा संपला.

दुपारी भाकर खाताना मी विचारलं, "मामा, सगळ्या ढोरांना माणसांची नावं काहून?"

"सगळ्या माणसाइची नाही वं. आपल्या गल्लीतल्याइची." त्यांनी कोठ्याकडे बोट दाखवलं. गोपीचंद, ताराबाई, सुदाम. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा मी पाळण्यात होते. गल्ली तीन पुनर्वसनांत फुटली. मामांनी ती दावणीला पुन्हा ओळीनं बांधली होती, घराला घर लागून. शेवटी वत्सलाबाई.

"तिच्या लागून माहं घर. तुही मामी गेली, तवापासून गाव सुटेपर्यंत तिनं रोज भिंतीवरून वाटीभर कालवण देल्लं. आता कोठी हाय, मालूम नाही." मामांनी भाकर मोडली. "म्हैस बाजारात गेली तं माह्या शेजारी उजाड होते."

सभेची गोष्ट त्यांना सकाळीच कळली होती. दिवसभरात त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि सांगायचं राहिलं: त्या बारा हातांतला एक माझा होता.

येत्या मंगळवारी ठराव पुन्हा मांडायला, तोही कोठ्यासमोर, मी सभेला भाग पाडलं आहे. त्या गल्लीतल्या लोकांनो, तुम्ही कुठल्याही पुनर्वसनात असा, सव्वासातला कोठ्यासमोर या. वत्सलाबाईसाठी हात वर करा. पण त्याआधी मामा तुमचं नाव घेतील, तेव्हा जनावराच्या आधी तुम्ही ओ द्या. मोठ्यानं द्या, त्यांना आता कमी ऐकू येतं.