अण्णांचं लाडकं हाड

कुणाचं डोकं दुखतंय असं कळलं की आमच्या शेजारचे अण्णा सुर्वे आधी खुलतात, मग चौकशी करतात. "नेमकं कुठे? डोळ्यांच्या मागे? अरे वा, म्हणजे स्फेनॉइड!"

मुलांनो, तुम्हाला ते आठवत असतील. सुट्टीत तुम्ही आलात की ओटीवर बसवून तुमच्या कानशिलावर बोट ठेवायचे आणि तुम्ही खिदळायचात. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जन्मभर शरीररचना शिकवली, पण जीव एकाच हाडावर, या स्फेनॉइडवर. कवटीच्या तळाशी, पंख पसरलेल्या वटवाघळासारखं असतं म्हणे ते. "कवटीतल्या सगळ्या हाडांना धरून ठेवतं. घरातली थोरली सूनच!" हे त्यांनी मिरकरवाडा बंदरावरच्या मासेवालीलाही ऐकवलंय. ती म्हणाली, "अण्णा, सुरमईचं डोकं हवं की नको, तेवढं सांगा."

यंदा त्यांच्या बायकोला, मालतीवहिनींना, बाजूचं दिसेनासं झालं. आमटी वाटीशेजारी पडू लागली, दाराला खांदा आपटू लागला. तपासणीत निघालं, त्याच हाडाच्या खळग्यात बसलेल्या ग्रंथीवर गाठ आहे. मुंबईला जाऊन नाकावाटे शस्त्रक्रिया करायची; उशीर झाला तर नजर जाईल. वहिनी तयारच होईनात. मुलगा फोनवर रागावला, मी समजावून थकले. अण्णांनी मात्र त्या हाडाचं नाव घेणंच सोडलं.

चतुर्थीला सकाळी त्यांच्याकडे आम्ही दोघी मोदक वळत होतो. अण्णा येऊन बसले, उकडीचा गोळा घेतला आणि त्याला पंख काढले.

"अहो, नैवेद्याचं आहे ते!" वहिनी ओरडल्या. "गणपती वटवाघूळ खातो होय?"

अण्णांनी ते उकडीचं हाड वहिनींच्या तळहातावर ठेवलं, त्यांचं बोट धरून मधल्या खळग्यात टेकवलं. "गाठ इथे. तिच्यावर डोळ्यांच्या नसा. डॉक्टर नाकातून येणार, एवढीशी भिंत उघडणार."

"म्हणजे तुमचं लाडकं हाड फोडणार. चालेल तुम्हाला?"

"फोडू देत गो." अण्णा म्हणाले. "मी उलटा सदरा घालून बाजारात निघालो, तर ते बघून मागून हाक कोण मारणार?"

वहिनींनी हातातल्या मोदकाच्या कळ्या सावकाश मिटल्या.

"बॅग माळ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "विसर्जन झालं की काढा."

अण्णा उकडीच्या हातांनीच उठले आणि स्टुलावर चढले. गणपतीची पूजासुद्धा अजून व्हायची होती.