मखमलीवरच्या चौदा किटल्या

कृष्णातच्या मेटाडोरला आतून मखमल लागली, त्या दिवशी त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं, भाकरी वाढता वाढता शांतपणे जाहीर केलं, "रविवारच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कप मिळाला तर ठीक. न्हाय मिळाला, तर गाडी माझी. मग मी तिला भंगारात घालीन न्हायतर गोठ्यात बांधीन. तुमी मदी बोलायचं न्हाय."

"कप कुठं जातोय?" कृष्णात म्हणाला आणि घास हातात तसाच धरून त्यानं अंगणाकडं बघितलं. अंगणात गाडी होती. तिच्याकडं बघताना त्याचा घास नेहमीच हातात राहायचा.

कृष्णात शिरोलीच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर. कोडोलीबाहेर चिंचेखाली बारा वर्षं कोंबड्यांचं बिऱ्हाड सांभाळत उभी असलेली ही जुनी मेटाडोर त्यानं दोन वर्षं खपून माणसात आणली. जे भाग बाजारात मिळेनात ते स्वतः लेथवर काढले. बाहेरून कैरीचा रंग, आत तांबडी मखमल, पडद्यांना झालर, छताला चांदण्या. गावातली माणसं तिच्याजवळ आली की आवाज खाली घ्यायची. कोडोलीत हे सोपं नाही. तिथं कानात सांगितलेली गोष्टसुद्धा पलीकडच्या आळीला ऐकू जाते. एक पाव्हणा तर पायताण बाहेर काढून आत बसला आणि बाहेर येताना पाठ न दाखवता आला.

शनिवारी चिंचेखालच्या खुराड्याच्या तळाशी गाडीचा मूळचा हॉर्न सापडला. कृष्णातनं तो घासूनपुसून बसवला, पण वाजवला नाही. पहिला आवाज परीक्षकांनी ऐकायचा, असं त्यानं ठरवलं होतं.

रविवारी परीक्षण नऊला, कोल्हापुरात. वर्षाराणी पहिल्या एसटीनं पुढं गेली. सकाळी पावणेसातला कृष्णात निघाला. चौकात एक कुत्रं रस्त्यावर आडवं पडलं होतं. ते ढिम्म हलेना. कृष्णातनं तीनदा हॉर्न दाबला.

आता, ही गाडी पूर्वी वीस-बावीस वर्षं गावचं दूध गोळा करायची. तिचा ड्रायव्हर चौकात तीन हॉर्न द्यायचा आणि निघायचा. चौथा हॉर्न त्यानं जन्मात दिला नाही. ज्या घराची किटली उशिरा पोचायची, त्या घरात दोन्ही वेळेला खीर व्हायची, आणि ती खाताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्यामुळं ते तीन हॉर्न कोडोलीच्या बायकांच्या कानात नव्हते, हातात होते.

चौकातली सगळी दारं एकदम उघडली. चौदा वर्षांनी, कुणी न बोलावता, चारी बाजूंनी बायका किटल्या घेऊन धावत होत्या. कुणाच्या तोंडात मशेरी, कुणाची वेणी अर्धी. मागचं दार उघडून चौदा किटल्या मखमलीवर बसल्यासुद्धा. मग सगळ्यांना जाग आली.

"आगं बया!" त्याची धोंडुबाई आत्ती चांदण्यांकडं बघत म्हणाली. "ह्यो तर देव्हारा हाय की! किस्ना, दूध घालायच्या आदी सांगायचं न्हाईस व्हय रं?"

"आत्ती, उतरवा की आता. मला नऊला पोचायचं हाय."

"गाडीत गेलेली किटली माघारी न्ह्यायची रीत न्हाय आपल्यात."

तेवढ्यात आत्तीच्या गोठ्यातून तिची सून ओरडत आली, "आत्याबाई, चंद्री पान्हावली!"

चंद्री म्हणजे आत्तीची वीस वर्षांची म्हातारी म्हैस. चार दिवस थेंब देत नव्हती. डॉक्टर झाले, अंगारा झाला. तीन हॉर्न ऐकले आणि तिनं धार सोडली. कुणीतरी मेटाडोरच्या नाकावर हळद-कुंकू लावलं.

"किस्ना," आत्ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्या जावंच्या म्हशीसाठी येकदा वाजीव."

ती म्हैस अवघी पाच वर्षांची. या गाडीच्या काळात ती जन्मलीही नव्हती. तीही पान्हावली. त्यानंतर कृष्णातला सात गोठ्यांपुढं थांबावं लागलं.

तो मैदानावर पोचला तेव्हा पावणेदहा झाले होते. गाडीचं नाक कुंकवानं माखलेलं, मखमलीवर दुधाचे ओघळ, आणि आत किटल्यांवर लक्ष ठेवून धोंडुबाई. परीक्षक उदयसिंह अकरा जुन्या गाड्यांचे मालक, हॅट घालणारे. त्यांनी आत डोकावलं.

"मखमल भिजलीय. वेळ टळलीय. आणि ह्या कोण?"

"मी दुधाबरोबर हाय," आत्ती म्हणाली. "घ्या, तोंड वाळलंय तुमचं." आणि तिनं किटलीच्या झाकणातच दूध पुढं केलं.

उदयसिंहांनी हॅट काढली. झाकण रिकामं केलं. दुधानं पांढऱ्या झालेल्या मिशीनं त्यांनी झाकण पुन्हा पुढं केलं. मग एकेक करत लोक आले. कोल्हापूरकराला ताजं म्हशीचं दूध दिसलं की त्याच्या पायांना सांगावं लागत नाही. बाकीच्या गाड्यांपुढं फक्त त्यांचे मालक उरले. चौदा किटल्या अर्ध्या तासात पालथ्या झाल्या.

कप एका निळ्या जीपला मिळाला. तिच्यात दूध सांडलं नव्हतं.

कृष्णात खाली मान घालून बायकोपुढं उभा राहिला. वर्षाराणीनं गाडीला एक चक्कर मारली, रिकाम्या किटल्यांत वाकून बघितलं आणि हात पुढं केला.

"किल्ली."

लग्नाआधी आजऱ्याला तिनं वडिलांचा ट्रॅक्टर चालवला होता. गाडी तिनंच घरी आणली. रात्रभर कृष्णातला भंगाराच्या काट्यावर चढवलेल्या चांदण्या दिसत होत्या. पहाटे कुठं त्याचा डोळा लागला.

मग बाहेर तीन हॉर्न वाजले.

कृष्णात पूर्ण जागा झाला तेव्हा तो अनवाणी रस्त्यावर उभा होता आणि त्याच्या हातात घरची किटली होती. समोर कैरीच्या रंगाची मेटाडोर. मागं बायकांची रांग. स्टिअरिंगवर वर्षाराणी, पदर खोचून.

"ठेवा मागं," ती म्हणाली. "आन् मखमलीवर सांडू नका."