चिंबोऱ्या आणि सातवा सेल

"बाबा, बघायचं तेवढं बघा, पण हात लावायचा नाही!" मृणालीने चौथ्यांदा बजावलं.

"खंडोबाची आण! बोट लावनार नाय," दत्ताभाऊ गळ्याला चिमटा घेऊन म्हणाले.

बिचारा खंडोबा! दत्ताभाऊंनी त्याला आजवर इतक्यांदा साक्षीला बोलावलं होतं की त्यानेही आता तारखेला हजर राहणं सोडून दिलं असावं. तसे दत्ताभाऊ नागावातले भले गृहस्थ. नारळाची वाडी, पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, गावात मान. खोड एकच, वस्तू मागून घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेजाऱ्याचा कोयता असो की मेव्हण्याची छत्री, ते ती गुपचूप आणत, वापरत आणि तितक्याच गुपचूप परत नेऊन ठेवत. परत जात नसत ते फक्त त्यांच्या बायकोने, ठमाबाईंनी, डब्यात झाकून ठेवलेले तळलेले बोंबील.

मृणालीने पाहुण्यांची एक खोली अडवून टेबल मांडलं होतं. अंगठ्याहून थोडे जाडजूड असे बारा सेल एका पट्टीत ओळीने बसवलेले. प्रत्येकापासून एक बारीक वायर निघून हिरव्या बोर्डाला गेलेली, आणि बोर्ड लॅपटॉपला जोडलेला. पडद्यावर बारा हिरव्या पट्ट्या.

"म्हंजी ह्यो बोर्ड करतो तरी काय?" दत्ताभाऊंनी विचारलं.

"पंगतीत कोण उपाशी राहिलाय ते चांगल्या वाढप्याला लगेच कळतं की नाही? तसं. विजेवरच्या रिक्षाच्या बॅटरीत एक जरी सेल कमजोर पडला, तरी हा नेमका तोच दाखवतो. उद्या आमच्या कंपनीतले परेश सर बघायला येतायत. त्यांना पटलं तर चाचण्यांचं सगळं काम मी इथूनच करणार. नाही पटलं तर सोमवारी पुणं."

"न पटायला काय झालं?"

"ते म्हणतात, समुद्राच्या खाऱ्या हवेत असली नाजूक कामं होत नाहीत."

पोरगी नोकरीला पुण्याला गेल्यापासून घर त्यांना खायला उठे. ठमाबाई तर चपात्या मोजून करायच्या आणि तरी एक जास्त व्हायचीच. पोरगी घरी राहायची असेल, तर ह्या परेश सरांना खूश केलंच पाहिजे, असं दत्ताभाऊंनी मनाशी पक्कं केलं. आणि माणसाला खूश करायचा रायगडात एकच खात्रीचा उपाय आहे. चिंबोऱ्या, म्हणजे खडकांतले खेकडे!

योगही नामी होता. अवस असल्यामुळे चिंबोऱ्या भरलेल्या, आणि तिन्हीसांजेलाच ओहोटी. खडकांत जायला त्यांचा दोस्त धर्माजी स्कूटर घेऊन दारात हजर. पण दत्ताभाऊंचा डोक्याला बांधायचा टॉर्च काही केल्या पेटेना. आतला सेल काढून ते उलटसुलट बघत होते, तेवढ्यात धर्माजीने खिडकीतून टेबलाकडे बोट दाखवलं.

"आरं, तुज्या पोरीचं सेल बी आसंच हाईत की! तेवडंच लांब, तेवडंच जाड, रंग बी त्योच. बारा हाईत, एक घेतला तर कोनाला कलतंय?"

मृणाली काही सामान आणायला अलिबागला गेली होती. लॅपटॉप मिटलेला होता. दत्ताभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सातवा सेल उचकटला. जागा रिकामी होताच बोर्डावरचा लाल दिवा भपकन लागला, तसे ते दचकले. पण त्या जागी टॉर्चमधला जुना सेल दाबून बसवल्याबरोबर दिवा विझला.

"बग, त्याला बी चालला," धर्माजी म्हणाला.

चिंबोऱ्या मात्र अशा मिळाल्या की विचारू नका! एकीने दत्ताभाऊंच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला, पण त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. घरी गेल्या गेल्या सेल परत जागेवर ठेवायचा, की झालं. पण घरी येऊन बघतात तर मृणाली टेबलापाशी बसलेली, डोळ्यांत पाणी.

"बाबा, सातव्या नंबरला काहीतरी झालंय. सकाळी सगळं हिरवं होतं, आता हा लाल दाखवतोय. सगळ्या वायरी तपासल्या, स्क्रू आवळले, तरी लालच!"

"आराम करील, उद्या हिरवा व्हईल," दत्ताभाऊ कसंबसं म्हणाले. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण मध्ये खंडोबा आडवा आला. आण घेतली नसती तर बरं झालं असतं.

मृणाली जेवणापुरतीसुद्धा जागची हलली नाही आणि झोपायला जाताना खोलीला कुलूप लावून गेली. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून ती आंघोळीला गेल्याचं पाहताच दत्ताभाऊंनी झटकन तिचा सेल पुन्हा सातव्या जागेवर बसवला. चला, सुटलो! पण खडकांत तो टॉर्च संध्याकाळभर ढणढणा जळला होता, हे ते साफ विसरले होते.

"आई गं! आता हा पिवळा झाला!" आतून मृणाली ओरडली. "काल लाल, आज पिवळा, आणि मी तर काहीच केलं नाही! हा बोर्डच बिघडलाय. सर म्हणत होते तेच खरं, खाऱ्या हवेनं खाल्ला ह्याला. भरते मी बॅग."

दत्ताभाऊ मटकन ओट्यावर बसले. पोरीने राहावं म्हणून केला खटाटोप, आणि तोच तिला पुण्याला धाडायला निघाला! आता सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ते उठले, घसा खाकरला आणि नेमकी तेव्हाच दारात गाडी थांबली.

परेश सर किडकिडीत आणि कमी बोलणारे निघाले. त्यांनी पडदा पाहिला, बोर्ड पाहिला, पिवळी पट्टी पाहिली आणि पिशवीतून मीटर काढून सातव्या सेलला लावला. मृणाली बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत उभी होती.

"बोर्ड अगदी बरोबर सांगतोय," सर म्हणाले. "मीटरवरही तोच आकडा आहे. सेलच उतरलाय."

"पण सर, बाराही सेल नवे आहेत! मी स्वतः एकसारखे चार्ज केलेत!"

"मग एकटा सातवाच कसा उतरला?"

तेवढ्यात ठमाबाई कौतुकाने ताट घेऊन आल्या. ताटात मसाल्यात माखलेल्या लालभडक चिंबोऱ्या.

"घ्या सायेब, संकोच करू नका. तुमच्यासाटी ह्यांनी काल मुद्दाम धरून आणल्या. बगा, आंगठा फोडून घेतला, पन रिकाम्या हातानं नाय आले. ह्यांचा टॉर्च तं कवापासून बंद पडलेला. कालच कसा पेटला, देव जाणे!"

मृणालीने बापाकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. मग सातव्या सेलकडे.

"बाबा!"

"घेतला! मीच घेतला!" दत्ताभाऊंनी एकदाचे हात जोडले. "सायेब, काल माजा जुना सेल ठेवला तवा तो लाल झाला. सकाळी पोरीचा परत ठेवला तवा पिवला. बोर्डाचा काय दोष नाय, हवेचा बी नाय. दोष माजा हाय. पोरगी घरी ऱ्हावी म्हनून तुमाला चिंबोऱ्या खायला घालायच्या व्हत्या."

परेश सरांनी मीटर पिशवीत टाकला आणि ताटाकडे पाहिलं.

"काका," ते शांतपणे म्हणाले, "मी शाकाहारी आहे."

ठमाबाईंच्या हातातलं ताट कलंडता कलंडता राहिलं. दत्ताभाऊंना धरणी दुभंगली तर बरं असं झालं. आणि मग ते कमी बोलणारे परेश सर खो खो हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मृणाली, मी बारा हिरव्या पट्ट्या बघून परत गेलो असतो, तर मला काय कळलं असतं? चांगल्या सेलला कुणीही चांगलं म्हणेल. इथे तुला न सांगता सेल बदलला, एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा ह्याने जागा बरोबर दाखवली. विश्वास ठेवला नाही तो तू! हवेनं बोर्डाला काहीही झालेलं नाही. काम इथेच सुरू कर. फक्त तुझ्या बाबांपासून जप."

ठमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच सरांसाठी वालाची उसळ टाकायला आत पळाल्या.

सर उसळ-भात हाणून, नारळाच्या वड्या बांधून घेऊन गेले. चिंबोऱ्या घरच्यांनीच संपवल्या, अर्ध्या एकट्या मृणालीने. बोटं चाटता चाटता ती उगाच रागावून म्हणाली, "बाबा, एकदा विचारलं असतंत तर मी दिला नसता का एक सेल?"

"दिला असतास गो," दत्ताभाऊ नांगी फोडत म्हणाले, "पन मंग सोमवारी पुन्याची एसटी बी धरली असतीस."

मृणाली हसली आणि आणखी एक चिंबोरी तिने बापाच्या पानात वाढली. ठमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून टेबलापाशी गेल्या, त्यांनी तो हिरवा बोर्ड चारी बाजूंनी निरखून पाहिला आणि लेकीला हाक मारली.

"बाय, ह्यो बोंबलांच्या डब्याला बसंल का गो?"